आधी विहिरीत डोकावा: कोकणातल्या परसात तलाव आणि स्पा बांधताना

आमची वाडी अलिबाग तालुक्यात, नागावला. नारळ-सुपारीची झाडं, मागच्या दारी विहीर, विहिरीपलीकडे थोडी मोकळी जागा. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, फिजिओथेरपिस्टने रोज पाण्यात चालायला सांगितलं आणि त्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव बांधायचं ठरलं. त्याला लागूनच गरम पाण्याचा स्पा, म्हणजे चार माणसं टेकून बसतील आणि पाठीवर पाण्याचे झोत येतील असं लहान कुंड. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचे, बांधकामाची माहिती शून्य. पण खड्डा मारल्यापासून पाणी भरेपर्यंत रोज कामावर उभी राहिले आणि वही ठेवली. त्या वहीतलं इथे सांगते आहे. माझा अनुभव किनारपट्टीचा आहे. देशावर काळ्या मातीत बांधणार असाल तर तुमची अडचण वेगळी: ती माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, त्यामुळे ती काढून मुरूम भरून घ्यावा लागतो.

पहिलं माप विहिरीचं

नकाशा, टाइल्स, दिवे हे सगळं नंतर. आधी एक पूर्ण पावसाळा आपल्या विहिरीचं पाणी मोजा. दोरीला दगड बांधायचा, दर रविवारी सोडायचा आणि जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते लिहायचं. आमच्या विहिरीत मे महिन्यात पाणी अठरा फूट खाली असतं. ऑगस्टमध्ये ते चार फुटांवर येतं, आणि तीन-चार दिवस झड लागली की दोन फुटांवर. म्हणजे पाच फूट खोल टाकी जमिनीत पुरली तर पावसाळ्याचे दोन-तीन महिने ती पाण्यातच उभी राहणार.

त्याने काय होतं ते आम्ही पलीकडच्या आळीत पाहिलं होतं. तिथली फायबरची तयार टाकी मालकांनी जुलैत घासायला म्हणून रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक टोक हातभर वर आलेलं, पायऱ्या तिरक्या, पाईप तुटलेले. रिकामी टाकी म्हणजे होडीच. काँक्रीटची टाकी जड असते म्हणून तरंगणार नाही, असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. मग हिशेब मांडला. आमचा तलाव आतून ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, पाणी एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.४ मीटर. भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाड. अशा टाकीचं काँक्रीट साधारण ३५ टन भरतं. ती काठापर्यंत जमिनीत पुरलेली असेल आणि बाहेरचं पाणीही काठापर्यंत चढलं, तर ते पाणी तिला ५५ टनांनी वर ढकलतं. ३५ विरुद्ध ५५. तीच टाकी भरलेली असेल तर आतल्या ३८ हजार लिटर पाण्याचे ३८ टन तिच्या बाजूने येतात आणि ती जागची हलत नाही. हा हिशेब मी शिसपेन्सिलीने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवला. तो अजून तिथे आहे.

यावर आम्ही चार गोष्टी केल्या. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे टाकी दोन फूट जमिनीच्या वर उचलली. त्यामुळे खोल टोकाचा तळ जमिनीखाली साडेतीन फुटांवर थांबला, एरवीच्या ऑगस्टातल्या पाण्याच्या वर. वर आलेल्या दोन फुटांना बाहेरून जांभ्याचे चिरे लावले, तीच आता बसायची जागा झाली आहे. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून पाण्यात उतरण्यापेक्षा काठावर बसून पाय आत फिरवणं फार सोपं पडतं, हे बांधल्यावर कळलं. दुसरी, तळाची स्लॅब भिंतीच्या बाहेर सगळीकडून एक फूट काढली, म्हणजे वरच्या मातीचा भार तिच्यावर बसतो. तिसरी, सोलिंगच्या, म्हणजे तळाखाली रचलेल्या दगडांच्या थराच्या, खाली खडीत भोकं पाडलेले पाईप कापडात गुंडाळून टाकले आणि ते एका कोपऱ्यात उभ्या सहा इंची पाईपला जोडले. त्या पाईपमधून टाकीखालचं पाणी दिसतं आणि लागलाच तर पंप सोडून उपसता येतं. चौथी, तळाच्या जाळीत हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि पाणी आत घेतो, टाकी उचलली जाण्याआधी.

जागा आणि आखणी

जागा ठरवताना तीन दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी चुन्याच्या रेघेभोवती खुर्ची टाकून बसा. ऊन कुठून येतं, वारा कचरा कुठे नेऊन टाकतो, ते समजतं. आमचा आधीचा बेत नारळाच्या ओळीला समांतर होता. छान दिसलं असतं, पण झावळी आणि नारळ पडायची जागा तीच. रेघ पुसून पंधरा फूट सरकवली. विहिरीपासून आणि शोषखड्ड्यापासूनही लांब राहा. विहिरीजवळ खोल खणलं तर तिचं बांधकाम ढासळू शकतं. आणखी एक: स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याचा सगळा पृष्ठभाग दिसायला हवा. मुलंबाळं सुट्टीत येतात, नजर सतत हवी.

परवानगीचं काम आर्किटेक्टकडे सोपवा, पण सातबारा, जमीन बिनशेती आहे की नाही आणि भरतीरेषेपासूनचं अंतर या तीन गोष्टी आधी स्वतः तपासा. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात आणि त्यात जमिनीतलं पाणी उपसण्यावरही बंधनं आहेत. खड्डा खणून झाल्यावर हे कळलं तर फार महागात पडतं.

खोलीचा मोह टाळा. घरच्या तलावात सूर मारण्याइतकं पाणी नसतं, ते नसावंच. छातीएवढ्या पाण्यात चालता येतं, पोहता येतं, मुलं शिकतात. पायऱ्या मात्र रुंद ठेवा, पूर्ण चार फूट, आणि एका बाजूला धरायला कठडा. समुद्रकाठी स्टीलचा कठडा घेताना ३१६ प्रतीचाच मागा. ३०४ खारट हवेत वर्षभरात तांबूस डाग धरायला लागतो.

स्पा आम्ही तलावाच्या उथळ टोकाला लावला, आतून २ बाय २ मीटर, पाणी ९० सेंटिमीटर, बसायचा ओटा पाण्याखाली दीड फूट. त्याचं पाणी तलावापेक्षा एक फूट उंच ठेवलं आणि मधल्या भिंतीला दोन फूट रुंद खाच, तिच्यातून पाणी तलावात पडत राहतं. त्या आवाजाने संध्याकाळी घर शांत होतं. पण ही एक फूट उंची पाइपांच्या जोडणीत नीट हाताळावी लागते, ते पुढे सांगते.

काँक्रीट

खणायला दिवाळीनंतर घ्या. पाऊस गेलेला, विहिरीचं पाणी उतरायला लागलेलं. काँक्रीट डिसेंबर-जानेवारीत, टाइल्स मार्चपर्यंत, पाणी एप्रिलमध्ये. असं वेळापत्रक सरळ पार पडलं तर पहिला पाऊस भरलेल्या टाकीवर पडतो, आणि पहिल्या पावसाला टाकी भरलेलीच असायला हवी.

पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० हा मानक आहे. ठेकेदाराला करारातच लिहून द्या: एम ३० या ताकदीच्या प्रतीखालचं काँक्रीट नको, सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नको. खाडीची रेती अजिबात घेऊ नका. तिच्यातलं मीठ सळईला आतून खातं. आम्ही धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतली. काँक्रीटला लागणारं पाणीही चाखून बघा; मचूळ लागलं तर टँकर मागवा.

तळ आणि भिंत एकाच दिवशी ओतता येत नाहीत, म्हणून दोन्हींच्या सांध्यात रबरासारखी पट्टी घालतात, वॉटरबार. अर्धी पट्टी तळात जाते, अर्धी वर उभी राहते आणि भिंतीत जाते. टाकी गळणार की नाही, ते या सहा-आठ इंचांच्या पट्टीवर ठरतं. तळ ओतायच्या दिवशी सकाळी सातला मी पोचले तेव्हा खोल टोकाला ती पट्टी सात-आठ फूट लांबीत आडवी पडलेली होती, सळयांवर लोळत. मिस्त्री म्हणाले, "बाई, माल पडला की आपोआप उभी राहील." मी खाली उतरून हाताने उभी करून पाहिली, सोडली की पुन्हा पडत होती. मिक्सरची गाडी पोचेपर्यंत पाऊण तास होता. तेवढ्यात दोन मुलांना बसवून दर फुटावर तारेने दोन्ही बाजूंच्या सळईला ती बांधून घेतली. मिस्त्रींनीच शेवटच्या गाठी मारल्या, आणि नंतर भिंतींच्या वेळी मी न सांगता त्यांनी पट्टीचा प्रत्येक फूट तपासला. तुम्ही दुसरा कुठलाही दिवस चुकवा, पण तळ ओतायचा दिवस चुकवू नका.

भिंतीतून आरपार जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला पडल फ्लँज, म्हणजे काँक्रीटात रुतणारी चकती, असू द्या, नाहीतर पाणी पाइपाच्या अंगावरून वाट काढतं. काँक्रीटखाली जाणाऱ्या पाइपांत आधी दाबाने पाणी भरून चोवीस तास ठेवा, मीटरचा काटा हलला नाही तरच पुढे. आणि झाकण्यापूर्वी प्रत्येक वळणाशी टेप धरून फोटो काढा. आमच्याकडे असे दीडशे फोटो आहेत, त्यातले पाच पुढे कामी आले.

चौदा दिवस पाणी मारून झाल्यावर टाइल्स लावायची घाई न करता टाकी नुसत्या काँक्रीटवर भरा आणि सात दिवस ठेवा. बाष्पीभवनाने पाणी उतरतंच, मग गळती कशी ओळखायची? एक बादली पाण्याने भरून पायरीवर ठेवा, आत आणि बाहेर पेन्सिलीने खूण करा. बादलीतलं पाणी जितकं उतरलं तितकंच टाकीतलं उतरलं तर टाकी उत्तम. आमच्या मापाच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३२० लिटर, तेव्हा फरक मिलिमीटरात बघा.

पंप, झोत आणि गरम पाणी

घरच्या तलावाचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा गाळलं जावं. ३८ हजार लिटरला तासाला साडेसहा हजार लिटर लागतात, म्हणून आम्ही ८ हजार लिटर देणारा पंप आणि ६०० मिलिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर घेतला. विक्रेते मोठा पंप सुचवतात. फिल्टर लहान आणि पंप मोठा असला की पाणी वाळूतून धावत सुटतं आणि गाळलं जात नाही. झोतांसाठी वेगळा दोन अश्वशक्तीचा पंप ठेवा. सहा झोतांचं काम गाळणीच्या पंपाने होत नाही.

पंपघर खड्ड्यात बांधू नका. कोकणात पंपघराचा खड्डा म्हणजे दुसरी विहीर. आमचं जोत्यावर आहे, जमिनीपासून दीड फूट वर.

गरम पाण्याचा हिशेब बघा. स्पात अडीच हजार लिटर पाणी. ते २६ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे ३५ युनिट उष्णता लागते. साध्या सहा किलोवॅटच्या हीटरने सहा तास आणि पस्तीस युनिट वीज. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, तेच काम साधारण आठ-नऊ युनिटांत करतो. १२ किलोवॅटच्या हीट पंपाला तीन तास लागतात. आम्ही तो घेतला. सगळा तलाव तापवायचा विचार मात्र सोडून द्या. नुसता एक अंश चढवायला ४४ युनिट उष्णता लागते, आणि इथल्या हवेत त्याची गरजही नाही. स्पाचं पाणी ४० अंशांच्या वर कधीही नको, एका वेळी पंधरा मिनिटं पुरे. रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा घरात गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना नाहीच.

आता त्या एक फूट उंचीचं. पहिल्या रात्री हे स्पात बसले, इतक्या महिन्यांनी पाय हलके झाल्याचं म्हणाले. सकाळी मी गेले तर स्पाचं पाणी जवळजवळ फूटभर उतरलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठेकेदाराच्या माणसांनी मधल्या भिंतीची खाच गळते असं ठरवून टाइल्सची अख्खी ओळ फोडली. आतला गिलावा कोरडा ठणठणीत. शेवटी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक शेजारी फिटर आले. त्यांनी एकच विचारलं, "पाणी पंप चालू असताना उतरतं की बंद असताना?" बंद असताना. त्यांनी स्पाकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह रात्री बंद करायला सांगितलं, कडेला खूण केली. सकाळी पाणी खुणेवर. पंप थांबला की उंचावरच्या स्पाचं पाणी त्याच पाइपाने उलटं फिल्टरमधून तलावात उतरत होतं. त्या पाइपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवायचा राहिला होता. तासाभराचं काम. फुटलेल्या टाइल्सना मात्र तीन आठवडे गेले, तशी छटा पुन्हा मिळेना. म्हणून सांगते, स्पा उंच असेल तर पाइपांच्या नकाशावर एनआरव्हीभोवती लाल गोल करा. स्पात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या ब्लोअरचा पाईपही आधी पाण्याच्या पातळीच्या फूटभर वर नेऊन मग खाली आणायचा, नाहीतर पाणी थेट मोटरीत शिरतं.

व्हॉल्व्हवर मराठीत पाट्या लावा. आमच्याकडे "तलाव", "स्पा" आणि "दोन्ही" अशा आहेत. कामाला येणाऱ्या मुलाला दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

जिथे हात आखडता घ्यायचा नाही

तळाला पाणी ओढणाऱ्या जाळ्या किमान दोन हव्यात, एकमेकींपासून तीन फुटांवर, एकाच पाइपाला जोडलेल्या आणि फुगीर झाकणाच्या. एकच सपाट जाळी असेल तर माणूस तिच्यावर बसताच पंपाचा सगळा ओढा त्याच्या अंगावर येतो. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी स्पाच्या तळाच्या जाळीला अशी खेचली गेली आणि बुडाली. तिच्या आईला तिला ओढून काढता येईना. २००७ मध्ये तिथे तिच्या नावाचा कायदा झाला. आमच्या ठेकेदाराच्या नकाशात स्पाला एकच जाळी होती. मी ही हकिगत त्यांना वाचून दाखवली, त्यांनी नकाशा तिथेच बदलला.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, ट्रान्सफॉर्मर लांब कोरड्यात, पंपघराच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची, वीज गळताच लाइन तोडणारी आरसीसीबी, आणि सळई, कठडा, पंप सगळ्यांचं अर्थिंग एकमेकांत जोडलेलं. हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच.

विहिरीला कठडा असतो तसं तलावालाही कुंपण हवं: चार फूट उंच, आपोआप मिटणारं फाटक, कडी मुलांच्या हाताला न लागणारी. पाहुणे म्हणतात, शोभा जाते. जाऊ दे.

टाइल्सवर फार बोलत नाही. काचेची मोझेक, फटी भरायला एपॉक्सी ग्राउट, इतकं बघा. भोवतालची फरशी खरखरीत आणि फिक्या रंगाची घ्या, तलावापासून बाहेर उताराची. कडप्पा उन्हात तापतो, आणि गुळगुळीत फरशीवर पावसात शेवाळ धरलं की पाय ठरत नाही.

पाणी भरणं आणि पहिला पावसाळा

विहिरीचं पाणी भरणार असाल तर आधी बादलीभर घ्या, त्यात दोन झाकणं लिक्विड क्लोरीन घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालं तर त्यात लोह आहे. तेच तुमच्या पांढऱ्या टाइल्सवर बसणार. आमचं झालं. म्हणून पहिलं पाणी टँकरने आणलं, दहा हजार लिटरचे चार.

आठवड्यातून दोनदा तपासणी: पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन तलावात १ ते ३ पीपीएम, स्पात ३ ते ५, कारण गरम पाण्यातून ते लवकर उडून जातं. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर ही क्लोरीनची दोन रूपं एका भांड्यात, एका चमच्याने, एका फडताळात कधीही नको. दोन्ही एकत्र आले की पेट घेतात, स्फोटही होतो.

मे संपता संपता ओव्हरफ्लोचा पाईप मोकळा आहे का ते बघा. शंभर मिलिमीटर पावसात आमच्या तलावात तीन हजार लिटरच्या वर पाणी पडतं, आणि नागावला असे दिवस दर वर्षी येतात. जून ते ऑक्टोबर टाकी रिकामी करायची नाही, कितीही हिरवी झाली तरी. शेवाळ धरलं तर भरल्या पाण्यातच ब्रशने घासायचं, क्लोरीन वाढवायचं आणि फिल्टर दिवसभर चालवायचा.

कोपऱ्यातल्या सहा इंची पाइपात मी अजून दर रविवारी दोरी सोडते. गेल्या ऑगस्टात पाच दिवस झड होती, तेव्हा पाणी टाकीच्या तळाच्या एक वीत वर आलं होतं. टाकी भरलेली होती. मी आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि ह्यांना पाण्यात उतरायला हात दिला.